आकड्यांची ओसरी : पाच वेळा खरं, म्हणून सहाव्यांदाही?

दोस्तांनो, मागच्या अंकातलं कोडं आठवतंय ना? बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ... असे दुपटीनं दाणे ठेवत गेलो, तर अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं भरेपर्यंत एकूण दाणे किती लागतील, असं आपण विचारलं होतं.

उत्तर आहे ४,२९,४९,६७,२९५. जरा मोठ्यानं वाचा बघू! चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. हजार दाण्यांचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम धरलं, तर हा ढीग शंभर टनांच्या आसपास जातो. आणि अजून अर्धा पट रिकामाच आहे!

ज्यांनी बत्तीस आकड्यांची लांबलचक बेरीज मांडली, त्यांच्या चिकाटीला शाबासकी. पण एक सोपी वाट होती. १ + २ + ४ = ७, आणि पुढच्या घरात दाणे आहेत ८. १ + २ + ४ + ८ = १५, आणि पुढच्या घरात १६. म्हणजे भरलेल्या घरांची बेरीज ही पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा नेहमी एकानं कमी. तेहतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ दाणे येतात. त्यातून एक वजा केला की झालं काम.

आता त्या ढिगात आणखी दोन दाणे टाका. झाले ४,२९,४९,६७,२९७. हीच आपली आजची पाहुणी! तेहतिसाव्या घरातल्या दाण्यांपेक्षा ही एकानं मोठी, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. दिसायला अगदी साधी. पण याच संख्येनं जगातल्या एका फार मोठ्या गणितज्ञाचं म्हणणं खोटं पाडलं. आणि ते लक्षात यायला ब्याण्णव वर्षं लागली!

पाच भाऊ

कागद-पेन्सिल घ्या आणि हे करून पाहा. २ चा एखादा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. घातांक मात्र १, २, ४, ८, १६ असे दुपटीनं वाढवत न्यायचे.

२ चा १ ला घात + १ = ३
२ चा २ रा घात + १ = ५
२ चा ४ था घात + १ = १७
२ चा ८ वा घात + १ = २५७
२ चा १६ वा घात + १ = ६५,५३७

या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येनं त्यांना निःशेष भाग जात नाही. ३, ५, १७ तर तोंडपाठ असतात. २५७ चं काय? २, ३, ५, ७, ११, १३ यांनी भागून पाहा. प्रत्येक वेळी बाकी उरते. १७ × १७ = २८९ हे २५७ च्या पुढे गेलं, त्यामुळे आणखी तपासायची गरज नाही. ६५,५३७ ला जास्त वेळ लागतो, पण तीही मूळच निघते.

मधले घातांक का सोडले, असं कुणीतरी नक्की विचारणार. ते सोडले, कारण घातांकाला १ पेक्षा मोठ्या विषम संख्येनं भाग जात असेल तर उत्तर मूळ येतच नाही. २ चा ३ रा घात + १ = ९, म्हणजे ३ × ३. २ चा ५ वा घात + १ = ३३, म्हणजे ३ × ११. २ चा ६ वा घात + १ = ६५, म्हणजे ५ × १३. म्हणून घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असेच घ्यायचे.

हा खेळ मांडला होता पिएर द फर्मा या फ्रेंच माणसानं. फर्मा पेशानं कायदेपंडित. तुलूझ शहरातल्या न्यायालयात त्याचं काम चाले, आणि गणित हा त्याचा फावल्या वेळातला नाद. पण नाद असा, की मोठमोठ्या गणितज्ञांनी त्याच्या पत्रांची वाट पाहावी! १६४० साली फ्रेनिकल नावाच्या गणितप्रेमी माणसाला लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगितलं, की अशा रीतीनं मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असते. आपल्याला याची सिद्धता सापडलेली नाही, हेही त्यानं मोकळेपणानं लिहिलं. पण आपलं म्हणणं खरंच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

पाच भाऊ मूळ निघाले, मग सहावाही मूळच असणार! तुम्हालाही असंच वाटलं असतं ना? आणि हा सहावा भाऊ म्हणजेच आपली पाहुणी, ४,२९,४९,६७,२९७.

आपण तपासू या

चला, शाळेत शिकलेल्या कसोट्या लावून पाहू.

शेवटचा अंक ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. सगळ्या अंकांची बेरीज करा : ४ + २ + ९ + ४ + ९ + ६ + ७ + २ + ९ + ७ = ५९. हिला ३ नं भाग जात नाही, म्हणून ३ बाद. ७ नं भागलं तर बाकी ५. ११ नं भागलं तरी बाकी उरते. १३ नं भागलं तर बाकी १०. १७ नं भागलं तर बाकी २.

असं कुठपर्यंत करायचं? ६५,५३६ चा वर्ग आपल्या संख्येपेक्षा फक्त एकानं लहान आहे. म्हणून आपल्या संख्येला विभाजक असलाच, तर सगळ्यात लहान विभाजक ६५,५३६ च्या आतच सापडायला हवा. आणि त्या टप्प्यात मूळ संख्या आहेत ६,५४२! एवढे भागाकार, तेही दहा अंकी संख्येचे, आणि कॅल्क्युलेटर नाही. तुमची वही नाही, वह्यांचा गठ्ठा संपेल.

तुमच्याकडे आज मोबाइल आहे, संगणक आहे. क्षणात उत्तर येईल. पण घाई करू नका. खरी गंमत उत्तरात नाही, ते कसं सापडलं त्यात आहे.

‘खरंच का?’ असं विचारणारा एक माणूस

फर्मा १६६५ साली वारला. त्याच्या दाव्याला कुणी धक्का लावला नाही. मग १७२९ साली (हो हो, रामानुजन यांच्या टॅक्सीच्या नंबराचंच साल!) ख्रिस्तियान गोल्डबाख या गणितज्ञानं आपल्या तरुण मित्राला पत्रात विचारलं, की फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? ते खरं आहे का?

हा तरुण मित्र होता लिओनार्ड ऑयलर. वय बावीस वर्षं. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत तो काम करत होता. सुरुवातीला त्यानं हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो काही स्वस्थ बसू देत नाही. १७३२ साली ऑयलरनं जाहीर केलं :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

म्हणजे सहावा भाऊ मूळ नाही! कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, ऑयलरच्याही नाही आणि या ओसरीच्याही नाही. गुणाकार करा :

६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२००
६७,००,४१७ × ४० = २६,८०,१६,६८०
६७,००,४१७ × १ = ६७,००,४१७

तिन्हींची बेरीज? ४,२९,४९,६७,२९७. बरोबर!

आता एक हिशेब बघा. २, ३, ५, ७, ११... अशा मूळ संख्या ओळीनं लिहिल्या, तर ६४१ चा नंबर ११६ वा लागतो. म्हणजे कुणी काही युक्ती न लढवता नुसते ओळीनं भागाकार केले असते, रोज दहाच केले असते, तरी बाराव्या दिवशी ६४१ सापडला असता! एवढं मोठं ‘नेहमीच’ मोडायला बारा दिवसांची चिकाटी पुरली असती.

ऑयलरची गाळणी

ऑयलरनं मात्र ११६ भागाकार करायची गरजच ठेवली नाही. त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. आधी एक छोटं उदाहरण पाहू.

२ चे घात घ्या : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. प्रत्येकाला १७ नं भागा आणि फक्त बाकी लिहा :

२, ४, ८, १६, १५, १३, ९, १

आठव्या पायरीला बाकी १ आली. पुढे पुन्हा २, ४, ८, १६... असंच सुरू होणार. जणू आठ मुलांनी धरलेलं रिंगण! आता गंमत अशी, की १७ मधून १ वजा केला की १६ उरतात, आणि १६ ला ८ नं भाग जातो. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. तिच्यातून १ वजा करा. उरलेल्या संख्येला त्या रिंगणाच्या लांबीनं भाग जातोच जातो.

आता समजा, एखाद्या मूळ संख्येनं २ चा ३२ वा घात अधिक १ ला निःशेष भाग जातो. म्हणजे बत्तिसाव्या पायरीला बाकी ‘एक कमी’ अशी येते, म्हणजे त्या मूळ संख्येहून एकानं लहान. आणखी बत्तीस पायऱ्या गेलं की ‘एक कमी’चा वर्ग होतो आणि बाकी १ येते. (वजा १ गुणिले वजा १ बरोबर अधिक १, तसंच.) म्हणजे चौसष्टाव्या पायरीला रिंगण पूर्ण. त्याआधी पूर्ण होऊ शकत नाही. कारण झालं असतं तर रिंगण ३२, १६, ८ किंवा त्याहून छोटं असतं, आणि मग बत्तिसाव्या पायरीलाच बाकी १ आली असती.

म्हणून रिंगणाची लांबी बरोबर ६४. याचा अर्थ असा, की आपल्या पाहुणीचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीहून एकानं जास्तच असणार. बाकीच्या सगळ्या मूळ संख्या न तपासताच बाद! धान्य चाळणीतून गाळावं, तसं हे झालं.

६४ च्या पटीत १ मिळवत चला : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ या मूळ नाहीत. उरलेल्यांनी भागून पाहू :

१९३ नं भागलं तर बाकी १०९
२५७ नं भागलं तर बाकी २
४४९ नं भागलं तर बाकी ३२५
५७७ नं भागलं तर बाकी २८८
६४१ नं भागलं तर बाकी ०

पाचव्या भागाकाराला चोर सापडला! ६,५४२ भागाकारांचा डोंगर आणि प्रत्यक्षात लागले पाच. दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही मूळच आहे आणि तोही ६४ च्या पटीहून एकानं जास्त आहे. खात्री करून घ्या.

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात चुटपुट लावणारी जागा. रिंगणाचा जो नियम ऑयलरनं वापरला, तो मुळात कुणाचा? फर्माचाच! १६४० च्या ऑक्टोबरात, म्हणजे ज्या साली त्यानं हा दावा केला त्याच साली, त्यानं तो फ्रेनिकललाच पत्रानं कळवला होता. किल्ली त्याच्याच खिशात होती. फक्त ती या कुलपाला लावून बघायचं राहून गेलं.

भागाकार न करता

आठवी-नववीतल्या दोस्तांसाठी आणखी एक वाट सांगतो. हिच्यात एकही लांब भागाकार नाही. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहा :

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

१२८ म्हणजे २ चा ७ वा घात, ६२५ म्हणजे ५ चा ४ था घात आणि १६ म्हणजे २ चा ४ था घात.

पहिल्या ओळीवरून, ५ × १२८ हे ६४१ ला एकानं कमी पडतं. म्हणून ६४१ नं भागताना त्याची बाकी वजा १ धरायला हरकत नाही. त्याचा चौथा घात केला की बाकी अधिक १. म्हणजे ‘५ चा ४ था घात × २ चा २८ वा घात’ याला ६४१ नं भागलं तर बाकी १.

दुसऱ्या ओळीवरून, ५ चा ४ था घात हा ६४१ ला १६ नं कमी पडतो. म्हणून त्याच्या जागी वजा १६, म्हणजे ‘वजा २ चा ४ था घात’ ठेवता येतो. मग काय उरलं? वजा २ चा ३२ वा घात, आणि त्याची बाकी १. म्हणजेच २ चा ३२ वा घात भागल्यावर बाकी वजा १. त्यात १ मिळवला की बाकी शून्य. झालं!

एकदा वाचून कळलं नाही तर नाराज होऊ नका. वहीत स्वतः मांडून पाहा. तिसऱ्यांदा मांडताना आपोआप उलगडेल.

आठ वर्षांचा पाहुणा

१८१२ साली अमेरिकेतून झेरा कोलबर्न नावाचा एक मुलगा लंडनला आला. वय आठ वर्षं. मोठमोठे गुणाकार तो तोंडी करून दाखवी आणि लोक थक्क होत. त्याची परीक्षा घ्यायला कुणीतरी मुद्दाम हीच संख्या त्याच्यापुढे टाकली : ४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का? त्यानं तोंडीच सांगितलं, की हिला ६४१ नं भाग जातो. त्याच्या आकडेमोडीच्या हकिकतींमध्ये ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते.

झेरासारखं डोकं लाखात एखाद्याचं. पण ऑयलरची गाळणी मात्र आपण सगळे वापरू शकतो. गणितात युक्तीचा हा मोठा फायदा आहे. ती एकाला सापडते आणि सगळ्यांची होते.

पडताळा आणि सिद्धता

तुमच्या पुस्तकात दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. एक, ‘पडताळा पाहा’. दुसरा, ‘सिद्ध करा’. पुष्कळ मुलांना वाटतं, की दोन्ही सारखेच. तीन-चार त्रिकोण काढले, कोन मोजले, बेरीज १८० आली, झालं की सिद्ध!

तसं नसतं, आणि का नसतं हे आपली पाहुणी सांगते. फर्माकडे पाच पडताळे होते. पाचही चोख. पण पाच पडताळे म्हणजे सिद्धता नव्हे. पन्नास किंवा पाच हजार पडताळे म्हणजेही नव्हे. ‘नेहमीच’ हा शब्द फार मोठा आहे. तो खरा करायला सगळ्या संख्यांना एकदम लागू पडणारं कारण लागतं. आणि तो खोटा पाडायला मात्र एकच उदाहरण पुरतं. इथे ते उदाहरण होतं ६४१.

फर्मा काही लहान माणूस नव्हता. त्याच्या इतर अनेक विधानांच्या सिद्धता पुढे मिळाल्या आणि ती खरी ठरली. म्हणूनच या एका विधानाकडे बघून कुणी ‘कशावरून?’ असं विचारलं नसावं. गोल्डबाखनं विचारलं. त्यात फर्माचा अपमान नव्हता. उलट त्याचं म्हणणं त्यानं मनापासून घेतलं, म्हणून तर तपासावंसं वाटलं.

आई-बाबांनाही इथे एक सांगायचं आहे. मूल ‘कशावरून?’ असं विचारू लागलं, की कधीकधी वाटतं, हे उलटून बोलतंय. पुढच्या वेळी रागावण्याआधी त्याच्याबरोबर पाच मिनिटं बसून तपासून बघा. आपलं म्हणणं खरं निघालं तर दोघांनाही कारण कळेल. आणि नाही निघालं, तर घरात एक छोटा गोल्डबाख आहे म्हणून खूश व्हा.

पुढे काय झालं?

सातवा भाऊ म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १. हा तर वीस अंकी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तोही मूळ नाही. १८८० साली लांद्री या फ्रेंच माणसानं त्याचे अवयव शोधले : २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. आठवा भाऊ एकोणचाळीस अंकी. त्याचे अवयव सापडायला संगणकाची मदत लागली आणि १९७० साल उजाडलं.

आणि त्यापुढचे? २ च्या घातांकात १, २, ४, ८... असं दुपटीनं जात राहिलं, की पहिले पाच भाऊ मूळ आहेत. त्यानंतरचे सलग अठ्ठावीस भाऊ मूळ नाहीत, हे आज ठाऊक आहे. चौतिसाव्या भावाला अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. तो मूळ आहे की नाही, ते अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. फर्मा म्हणाला होता, ‘सगळे मूळ’. आजवर पाचांपुढे एकही मूळ सापडलेला नाही! पण थांबा. ‘म्हणजे पुढेही नसणारच’ असं म्हणालात, तर तुम्ही फर्माचीच चूक उलट्या बाजूनं कराल. अठ्ठावीस उदाहरणं झाली तरी ती उदाहरणंच. पाचांखेरीज आणखी मूळ भाऊ नाहीतच, याची सिद्धता आजही कुणाजवळ नाही.

फर्माचा दावा पडला, पण त्याच्या संख्या वाया गेल्या नाहीत बरं का. १७९६ साली कार्ल फ्रीडरिख गाऊस या अठरा वर्षांच्या मुलानं दाखवून दिलं, की नुसती पट्टी आणि कंपास वापरून सतरा समान भुजांची सुसम आकृती काढता येते. दोन हजार वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं! भुजांची संख्या मूळ आणि विषम असेल, तर ती या भावांपैकी एक असावी लागते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ चालतात. ७, ११, १३ चालत नाहीत. तुमच्या कंपासपेटीतल्या कंपासानं सुसम पंचकोन अचूक काढता येतो आणि सप्तकोन येत नाही, त्यामागे हे भाऊ उभे आहेत.

जाता जाता पुन्हा बुद्धिबळाच्या पटाकडे. आपण अर्धाच पट भरला होता. पूर्ण पटावरचे दाणे होतात २ चा ६४ वा घात वजा १. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आठवा. ही संख्या म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे गुणिले आपली पाहुणी! म्हणून पूर्ण पटावरच्या दाण्यांनाही ६४१ नं निःशेष भाग जातो. राजानं ते सगळे दाणे ६४१ पोत्यांत सारखे भरायचे ठरवले असते, तर पोती केवढी लागली असती ते सोडा, पण एकही दाणा उरला नसता.

या आठवड्याची कोडी

१. ३ × ५ करा आणि २ मिळवा. ३ × ५ × १७ करा आणि २ मिळवा. ३ × ५ × १७ × २५७ करा आणि २ मिळवा. काय दिसतं? हा नुसता पडताळा झाला. असं नेहमीच होणार, याचं कारणही द्या. (पटाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलंत तर मदत होईल.)

२. ऑयलरची गाळणी २ चा १६ वा घात अधिक १ ला लावली, तर विभाजक ३२ च्या पटीहून एकानं जास्त असावा लागतो. त्यावरून ६५,५३७ मूळ आहे, हे फक्त दोन भागाकारांत दाखवा.

३. एक संख्या मनात धरा. तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, मग ४१ मिळवा. १ धरली तर ४३, २ धरली तर ४७, ३ धरली तर ५३. सगळ्या मूळ! हे नेहमीच मूळ येईल का? एकही भागाकार न करता उत्तर देता येतं.

उत्तरं कारणासकट वहीत लिहून ठेवा. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ चालणार नाही. आपल्या ओसरीवर ‘कशावरून?’ विचारायला सगळ्यांना परवानगी आहे. पुढच्या अंकात तुमच्या उत्तरांची आपण उलटतपासणी करू!